टर्मिनलची ओळख : 'अभनपूर' ग्रेपला का सापडत नाही?

गेल्या भागात गिटच्या शाखा आणि मर्ज पाहिले. आजचा विषय आपल्या लिपीचा. टर्मिनलवर मराठी नीट चालत नाही, अशी समजूत अजून बरीच घट्ट आहे. ती चुकीची आहे. अडतो तो एखाददुसरा खिळा, आणि तो कुठे आहे हे कळले की काम सुरळीत होते. (आज्ञा टाइप करायच्या त्या रोमन लिपीतच, इथे त्यांचे उच्चार दिले आहेत.)

उदाहरणाला रायपूरजवळचे अभनपूर घेऊ. १९०० साली सुरू झालेल्या रायपूर-धमतरी नॅरोगेज रेल्वेची राजिमची शाखा इथूनच निघे. आता मार्ग ब्रॉडगेज होतो आहे. ३० मार्च २०२५ रोजी अभनपूर-रायपूर मेमू गाडी सुरू झाली. समजा, या रेल्वेच्या इतिहासाची टिपणे तुम्ही साध्या टेक्स्ट फाइलींत जमवत आहात. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत रायपूर ज्या राज्यात होते त्याची राजधानी नागपूर होती. तेव्हा टिपणांत हिंदी मजकूर येईल तसा मराठीही येईल. हिंदीत 'अभनपुर', मराठीत 'अभनपूर'. एक रूप शोधले की दुसरे निसटते.

यावर उपाय सोपा. फाइलींत मजकूर शोधणाऱ्या ग्रेपला नमुना देताना 'प' नंतर चौकटी कंसात ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन्ही उकार लिहा, मग 'र'. दोन्ही रूपे सापडतील. पण हाच शोध स्क्रिप्टमध्ये घालून ती ठरल्या वेळी आपोआप चालवण्यासाठी क्रॉनला लावली, तर सकाळी निकालाची फाइल रिकामी दिसू शकते.

कारण बाइटमध्ये आहे. 'अभनपुर' वाचताना आपल्याला पाच अक्षरे दिसतात. युनिकोडसाठी ती सहा चिन्हे आहेत, कारण उकार वेगळा मोजला जातो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे एकूण १८. 'प्रिंटएफ'ने हा शब्द 'डब्ल्यूसी'कडे पाठवा : '-एम' पर्याय ६ सांगेल, '-सी' १८. क्रॉनमध्ये स्क्रिप्टला तुमच्या टर्मिनलचे वातावरण मिळेलच असे नाही. अनेकदा लोकेल, म्हणजे भाषा आणि चिन्हांची मांडणी, नुसते 'सी' असते. तिथे ग्रेप बाइट हेच अक्षर मानतो, आणि कंसातले दोन उकार सहा सुट्या बाइटांचा ढीग होतात. म्हणून स्क्रिप्टच्या वरच्याच ओळींत 'एलसी_ऑल'ला 'सी.यूटीएफ-८' ही किंमत देऊन एक्स्पोर्ट करा. ती तुमच्या यंत्रावर आहे का, ते 'लोकेल -ए' दाखवते. ही एक ओळ मी प्रत्येक मराठी स्क्रिप्टमध्ये सक्तीची मानतो. मात्र या लोकेलमध्ये 'सॉर्ट' चिन्हांच्या क्रमांकानुसार लावतो, त्यामुळे 'ळ' हा 'ह' नंतर न येता 'ल' च्या लगेच पुढे येतो.

दुसरा खिळा अधिक फसवा आहे. हिंदी मजकुरात 'छत्तीसगढ़' येणारच. त्यातला नुक्त्याचा 'ढ़' दोन प्रकारे साठवता येतो : एकच चिन्ह म्हणून, किंवा 'ढ' आणि नुक्ता अशी दोन चिन्हे म्हणून. पडद्यावर फरक शून्य. पण ग्रेपला एकाच्या जागी दुसरा चालत नाही, आणि गिट डिफमध्ये हुबेहूब दिसणारी ओळ एकदा लाल, एकदा हिरवी होते. आपल्या 'तऱ्हा', 'दऱ्या'मधल्या 'ऱ' चीही हीच गत होऊ शकते. शंका आली की ओळ 'एक्सएक्सडी'ला द्या, बाइट खरे सांगतात. मग सगळ्या फाइली आयसीयूच्या 'यूकॉन्व्ह'मधून एनएफसी या युनिकोडच्या एकाच प्रमाण रूपात आणा. हा बदल स्वतंत्र कमिटमध्ये ठेवा. मजकुराच्या दुरुस्त्या त्यात मिसळल्या, तर नेमके काय बदलले हे पुढे कोणालाच उलगडणार नाही.

आता फाइलींची नावे. 'अभनपुर' नावाची नवी फाइल केलीत की 'गिट स्टेटस' तिरप्या रेघा आणि ३४०, २४४, २०५ असे आकडे दाखवतो. फाइल बिघडलेली नाही. हे 'अ' चे तीन बाइट अष्टमान पद्धतीत लिहिलेले आहेत. 'गिट कॉन्फिग'मध्ये 'कोअर.कोटपाथ'ला 'फॉल्स' करा, नाव देवनागरीत दिसू लागेल. स्क्रिप्टमध्ये मात्र 'गिट एलएस-फाइल्स'ला '-झेड' द्यावे, म्हणजे नावे मूळ रूपात मिळतात. नावात मोकळी जागा असेल तर ते नाव धरणारा स्क्रिप्टमधला चल दुहेरी अवतरणात हवाच. हा नियम कोणत्याही लिपीला लागू आहे.

मराठी गद्यासाठी 'गिट डिफ'चा 'वर्ड-डिफ' पर्याय फार उपयोगी आहे. आपण परिच्छेद एका सलग ओळीत लिहितो, आणि एक वेलांटी बदलली की साधा डिफ सबंध परिच्छेद बदललेला दाखवतो. वर्ड-डिफ फक्त तो शब्द दाखवतो. मुद्रितशोधन करणाऱ्यांनी तरी हा पर्याय वापरून पाहावाच.

पुढच्या भागात प्री-कमिट हूक लिहू, म्हणजे एनएफसीची तपासणी कमिटच्या आधी आपोआप होईल. तोवर तुमच्या गावाचे नाव 'डब्ल्यूसी'ला देऊन पाहा, आणि जुन्या फाइलींत ते किती रूपांत लिहिले गेले आहे याची यादी तयार ठेवा.