4,393 माणसांमागे एक नगरसेवक

महापालिकेची निवडणूक तिकीटवाटपापासून सुरू होते, असे आपण धरून चालतो. जालन्यात ती त्याच्या कितीतरी आधी, नकाशावरच्या रेषेपासून सुरू झाली. 2023 मध्ये नगरपरिषदेची महापालिका झाली आणि 2025 च्या पावसाळ्यात तिची पहिली प्रारूप प्रभागरचना लोकांपुढे आली. नकाशांभोवती मुख्यतः इच्छुकांची आणि त्यांच्या कार्यकर्त्यांची गर्दी. जो तो बोट टेकवून आपली गल्ली शोधत होता, आणि ‘आमचा भाग तोडला’ हे वाक्य पुन्हा पुन्हा कानावर पडत होते. भाग कशाने तुटला, हे मात्र शेजारच्या तक्त्यात होते. तिकडे फारसे कोणी वळत नव्हते.

तक्त्याचे गणित शाळकरी आहे. 2011 च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या 2,85,577 आणि सदस्यसंख्या 65. भागाकार केला की एका सदस्यामागे सुमारे 4,393 माणसे येतात. चार सदस्यांच्या प्रभागाची सरासरी झाली 17,574. त्यात दहा टक्के कमी-जास्त चालते. म्हणजे प्रभाग साधारण 15,817 ते 19,331 या दोन आकड्यांमध्ये बसवायचा. 65 ला चाराने पूर्ण भाग जात नाही, म्हणून पंधरा प्रभाग चार-चार सदस्यांचे आणि एक पाच सदस्यांचा, असे 16 प्रभाग झाले.

ही माणसे सुटी सुटी मोजून प्रभागात टाकता येत नाहीत. ती प्रगणक गटाने येतात. जनगणनेच्या वेळी एका प्रगणकाकडे साधारण सव्वाशे-दीडशे घरांचा जो तुकडा सोपवला जातो, तो प्रगणक गट. 2011 साली एखाद्या शिक्षकाने उन्हात फिरून काढलेला नजरी नकाशा चौदा वर्षांनी प्रभागरचनेचा पाया ठरतो. गट शक्यतो फोडायचा नाही, त्यामुळे प्रभागाची रेषा बहुतेक वेळा गटाच्या कडेकडेनेच धावते. प्रभागरचना म्हणजे गोधडी शिवणे. तुकडे आधीच कापलेले असतात.

शिवण्याचेही नियम आहेत. सुरुवात उत्तरेकडून करायची, तिथून ईशान्येला, मग पूर्वेला, पश्चिमेकडे सरकत शेवट दक्षिणेला. क्रमांकही त्याच वाटेने द्यायचे. मोठे रस्ते, नद्या, नाले, लोहमार्ग यांना हद्द मानायचे. एका इमारतीचे दोन प्रभाग होऊ द्यायचे नाहीत. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्या शक्यतो विभागायच्या नाहीत. जालन्यात एक हद्द तर निसर्गानेच आखली आहे: कुंडलिकेच्या एका अंगाला जुना जालना, दुसऱ्या अंगाला नवा जालना. पण नदी आकडे पाहून वाहत नाही. नदी पाळावी तर सरासरी हलते, सरासरी धरावी तर एखादी वस्ती दुभंगते. मसुदा करणाऱ्यांची खरी कसरत इथे असते. म्हणूनच संगणकावर रेषा आखून भागत नाही. ती जागेवर जाऊन तपासावी लागते. कागदावर नाला असतो, जागेवर त्याच्यावर स्लॅब पडलेला असतो.

मसुदा नगरविकास विभागामार्फत राज्य निवडणूक आयोगाकडे जातो, प्रसिद्ध होतो, हरकती-सूचना मागवल्या जातात, सुनावणी होते. ‘आमच्या हक्काच्या मतांची विभागणी झाली’ ही तक्रार तिथे टिकत नाही, कारण मते हा निकषच नाही. ‘अमुक क्रमांकाचा प्रगणक गट तमुक रस्त्याच्या पलीकडे असून अलीकडच्या प्रभागात दाखवला आहे’ या वाक्याला वजन असते. हरकत घेणाऱ्याने चतुःसीमेचे वर्णन हातात घेऊन स्वतः त्या हद्दीवरून चालून यावे, हे उत्तम.

या सगळ्या काटेकोरपणाला एक मोठे भगदाड आहे. 2021 ची जनगणना झाली नाही. पोलाद कारखाने आणि बियाणे उद्योगांचे हे शहर. खेड्यापाड्यांतून आणि परप्रांतांतून माणूस इथे येतच राहतो. दाट वस्तीच्या जुन्या पेठेत वाढायला जागा नाही, तर कडेच्या वसाहती 2011 नंतर उभ्या राहिल्या. तक्त्यात मात्र दोन्हीकडे तेव्हाचीच माणसे. 15 जानेवारी 2026 ला मतदान झाले ते आजच्या मतदारांनी, पण प्रभागांचे मोजमाप होते पंधरा वर्षांपूर्वीचे. कडेच्या वसाहतीतला नगरसेवक कागदावर जितक्यांचा, त्याहून कितीतरी जास्त माणसांचे नळ आणि गटारी त्याच्या गळ्यात. रेषा कोणी कशी ओढली यावर आपण तावातावाने भांडतो. मूळ अन्याय शिळ्या आकड्याचा आहे.

तो दुरुस्त होण्याची संधी आता समोर आहे. येत्या जनगणनेचा संदर्भ दिनांक 1 मार्च 2027 आहे आणि पुढची प्रभागरचना त्याच मोजणीवर उभी राहावी, अशी अपेक्षा आहे. म्हणून प्रगणक दारात आला की त्याला दारातूनच वाटेला लावू नका. भाडेकरू, मजूर, शेतावरच्या घरातले म्हातारे, सगळ्यांची नोंद करा. आणि पुढचा मसुदा फलकावर लागेल तेव्हा तो पाहायला इच्छुकांच्या आधी आपण पोहोचू या.