अनुभवाच्या रकान्यात 'निरंक' लिहू नका



समुदाय संसाधन व्यक्ती, बँक सखी, कृषी सखी, पशुसखी, नाहीतर प्रभागसंघाची लेखापाल. पद कोणतंही असो, अर्जांचा गठ्ठा सोडला की एक गोष्ट हमखास दिसते. नाव, पत्ता, जन्मतारीख, शिक्षण सगळं सुवाच्य अक्षरात भरलेलं, आणि 'अनुभव' या रकान्यात एकच शब्द: निरंक. अर्ज करणारी बाई सहा-सहा, आठ-आठ वर्षं गटाची सचिव असते. मुलाखतीत विचारलं, "ताई, सध्या काय करता?" तर उत्तर येते, "काईच नाही जी, घरीच राह्यतो."

आणि मग ते पद दुसरीला जाते. तिचं काम आपल्यापेक्षा कमी असलं तरी तिनं ते सांगितलेलं असते.

म्हणून या अंकात मुलाखतीबद्दल बोलू. कपडे कोणते घालायचे, नमस्कार कसा करायचा, हे सांगणारे पुष्कळ आहेत. स्वच्छ साधी साडी किंवा ड्रेस, वेळेच्या अर्धा तास आधी हजर, मोबाईल बंद. झालं. खरी अडचण वेगळीच आहे. आपण रोज जे करतो त्याला आपणच काम म्हणत नाही.

आता गटाचं रजिस्टर काढा आणि कागद-पेन घेऊन बसा. समजा गटात 11 जणी, दरमहा प्रत्येकी 100 रुपये बचत, आणि तुम्ही 6 वर्षांपासून सचिव. वर्षाचे 13,200 आणि सहा वर्षांचे 79,200 रुपये झाले. ही नुसती बचत. तिच्यावर अंतर्गत कर्ज किती वेळा फिरलं, बँकेचं कर्ज किती वेळा उचललं, किती फिटलं, हे सगळं तुमच्याच हातच्या अक्षरात लिहिलेलं आहे. मग अर्जात असं लिहा: "6 वर्षे गटाची सचिव. बैठकीचं इतिवृत्त, बचत व कर्ज नोंदवही लिहिते. बँकेच्या कर्जाचे 2 प्रस्ताव तयार केले, दोन्हींची परतफेड पूर्ण." यातला आकडा तुमच्या रजिस्टरमधला खराच पाहिजे. मुलाखत घेणारे रजिस्टर मागवू शकतात, आणि मागवतातही.

गटाबाहेरचंही लिहा. पोषण आहार शिजवला असेल, आशाताईंसोबत घरोघरी सर्वेक्षणाला फिरला असाल, दुधाचा हिशेब ठेवला असेल, शिलाई केली असेल, ग्रामसभेत उभं राहून विषय मांडला असेल, तर तो अनुभवच आहे. फक्त 'शिलाई करते' असं लिहून सोडू नका. महिन्याला ब्लाऊज किती, शाळेचे गणवेश शिवले असतील तर किती, ते लिहा. आकडा असला की समोरच्याला विश्वास येतो.

कागदपत्रांकडे वळू. इथं बायांची एक खास अडचण असते जी पुरुषांना कधीच येत नाही. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँक पासबुकावर कधी तिसरंच. मुलाखतीच्या दिवशी टेबलावर कागद ठेवले की पहिला प्रश्न येतो, "ह्या दोघी कोण?" यावर विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र कामी येते. गावात लग्नाची नोंद ग्रामसेवकाकडे होते. लग्नाला पंधरा वर्षं झाली असली तरी नोंद करून घ्या, जाहिरात निघायची वाट पाहू नका. काही ठिकाणी नावबदलाचं राजपत्रही मागतात. जातीचा दाखला बाईला वडिलांकडच्या जातीवरून मिळतो. त्यामुळे त्याचे पुरावे माहेराहूनच आणावे लागतात, आणि त्यात वेळ जातो. सवंगणीच्या नाहीतर कापूस वेचणीच्या दिवसांत जाहिरात निघाली की तहसीलच्या चकरा कोण मारणार? उन्हाळ्यातच हे उरकलेलं बरं.

प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स आणि मूळ प्रत, एका फाईलमध्ये. मूळ प्रत दाखवायची असते. कोणी ती ठेवून घेत असेल तर पावतीशिवाय देऊ नका.

बऱ्याच पदांना तोंडी मुलाखतीच्या आधी छोटी लेखी चाचणी असते. लोक उगाच घाबरतात. त्यात साधी गणितं आणि थोडं लेखन असते. 10,000 रुपये कर्ज दोन रुपये शेकड्यानं दिलं तर पहिल्या महिन्याचं व्याज किती? 200. तिनं त्या महिन्यात 1,000 मुद्दल आणि व्याज भरलं तर पुढच्या महिन्याला व्याज किती? 9,000 वर, म्हणजे 180. हे तुम्ही बैठकीत बोटावर करता. कागदावर मात्र हात अडतो, कारण तिथं पायऱ्या लिहून दाखवायच्या असतात. रोज दोन गणितं लिहून सोडवा, पोरांच्या वहीच्या मागच्या पानावर चालतात. एखाद्या ठरावाचा मसुदाही लिहून पाहा: तारीख, विषय, सूचक, अनुमोदक, ठराव सर्वानुमते मंजूर.

'उमेद'च्या पदांसाठी दशसूत्री विचारतातच. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे ही पहिली पाच. आरोग्य, शिक्षण, पंचायत राजमधला सहभाग, शासकीय योजनांचा लाभ आणि शाश्वत उपजीविका ही पुढची पाच. पाठ तर सगळ्याच म्हणतात. तुम्ही एकेका सूत्राला आपल्या गटातलं एक उदाहरण जोडून ठेवा. बँक सखीसाठी जात असाल तर गटाच्या कर्जाचे नियम माहीत पाहिजेत. उदाहरणार्थ, गटाला 20 लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण द्यावं लागत नाही. बीसी सखीला तर बँकिंगची प्रमाणपत्र परीक्षा पास व्हावी लागते, तेव्हा ती तयारी वेगळी करायची.

आता आतल्या खोलीत काय होते ते पाहू. टेबलापलीकडे तिघं-चौघं असतात. प्रभागसंघाच्या पदाधिकारी, तालुका कक्षातलं कोणी, कधी बँकेचे साहेब. पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला: "स्वतःबद्दल सांगा." इथं नवऱ्याचं नाव, लेकरं किती, शेती किती, हे सांगत बसू नका. नाव, गाव, शिक्षण एका वाक्यात. पुढची तीन-चार वाक्यं कामाची. प्रमाण मराठी बोलता बोलता शब्द अडत असेल तर आपल्या बोलीत बोला. 'मले' म्हटल्यानं कोणाचे गुण कापत नाहीत, पण अर्धं वाक्य बोलून गप्प बसलं तर कापतात.

दुसरा आवडता प्रश्न पेचाचा असतो. "गटातल्या एकीनं तीन हप्ते थकवले. तुम्ही काय कराल?" यावर "समजावून सांगीन" एवढंच उत्तर पुरत नाही, कारण तेच उत्तर सगळ्या देतात. पायरीनं सांगा. आधी तिच्या घरी जाऊन कारण विचारीन, बैठकीत सगळ्यांसमोर नाही. दवाखान्याचा खर्च आला असेल, पीक बुडालं असेल, तर गटात ठराव घेऊन हप्ता लहान करून देता येतो. ऐपत असून टाळत असेल तर गटाच्या नियमाप्रमाणे दंड, आणि नोंद रजिस्टरमध्ये. असं तुमच्या गटात खरंच घडलं असेल तर तेच सांगा, पण त्या बाईचं नाव घेऊ नका. नाव टाळलं हेही समोरचे टिपून ठेवतात. बँक सखीच्या पोटात दहा गटांची गुपितं राहायची असतात.

येत नसेल तर "हे मला माहीत नाही, पण शिकून घेईन" म्हणा. फेकू नका. समोर बसलेल्या बाया गटातूनच वर आलेल्या असतात, त्यांना फेकणं लगेच कळते.

मग येतो तो प्रश्न जो पुरुषाला सहसा कोणी विचारत नाही. "फिरतीचं काम आहे, घरचे सोडतील का? लेकरू लहान आहे, कसं जमवाल?" राग येतो, खरं आहे. पण त्या खोलीत रागानं काम होत नाही. उत्तर आधी घरी ठरवून जा, म्हणजे सासूशी, नवऱ्याशी आदल्या आठवड्यात बोलून. मग ठामपणे सांगता येते: "लेकराची सोय लावलेली आहे. आठवड्यातले चार दिवस फिरती जमेल. अमरावतीला प्रशिक्षण असलं तर बडनेऱ्यापर्यंत रेल्वेनं जाऊन-येऊन करीन, मुक्कामी असलं तर दोन दिवस आधी कळवावं." एवढ्या तपशिलाचं उत्तर आलं की तो विषय तिथंच संपतो.

शेवटी विचारतात, "तुम्हाला काही विचारायचं आहे?" नव्वद टक्के बाया मान हलवतात. विचारा! मानधन महिन्याला की कामावर? प्रवासखर्च वेगळा मिळतो का? किती गावं सांभाळायची? समुदाय संसाधन व्यक्तींचं मानधन 2023 मध्ये दरमहा 3,000 वरून 6,000 रुपये झालं, पण ते मानधनच आहे, नोकरीचा पगार नव्हे. हा फरक घेताना माहीत असला की पुढं मन खट्टू होत नाही.

गटाबाहेरच्या नोकरीला हेच प्रश्न आणखी लागू. अमरावतीजवळ नांदगाव पेठच्या एमआयडीसीत कापडाचे कारखाने आहेत, आणि तिथल्या पीएम मित्र टेक्स्टाईल पार्कची पायाभरणी 20 सप्टेंबर 2024 ला झाली आहे. शिलाईच्या कामाला मुलाखत म्हणजे मशीनवर बसवून शिवायला लावणं. घरची पायमशीन आणि कारखान्याची मोटारवाली मशीन यांचा वेग सारखा नसतो, तेव्हा आधी कुठं तरी मोटारवर हात बसवून घ्या. जिल्ह्याच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आरसेटीत, प्रशिक्षण, राहणं आणि जेवण मोफत असते. पगार विचारताना "हातात किती?" हे विचारा. पीएफ मूळ पगाराच्या 12 टक्के कापला जातो, तेवढाच मालकानं भरायचा असतो. कापतात पण भरत नाहीत असं होऊ नये म्हणून आपला यूएएन नंबर मागून घ्या.

एक गोष्ट जरा मोठ्या आवाजात. मुलाखतीसाठी, निवडीसाठी, 'साहेबांना द्यायला' कोणी पैसे मागितले तर तो माणूस चोर आहे, मग तो ओळखीचा असला तरी. केंद्र सरकारनं तर 1 जानेवारी 2016 पासून खालच्या गटातल्या पदांच्या मुलाखतीच बंद केल्या आहेत. त्यामुळे 'मुलाखतीत पास करून देतो' हे बोलणंच खोटं. मोबाईलवर नोंदणी फी मागणारा मेसेज आला आणि पैसे गेले असतील तर लाजून बसू नका, त्याच दिवशी 1930 वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितके पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

निवड झाली की काम सुरू होते, आणि तिथं बऱ्याच जणी पाच-सहा वर्षं एकाच जागी राहतात. वरच्या पदासाठी बहुतेक वेळा शिक्षण आडवं येते. दहावी अर्धवट सुटली असेल तर 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देता येते. जवळच्या शाळेत विचारा, कोणती शाळा हे फॉर्म घेते ते सांगतील. अंगणवाडी सेविकेला आता बारावी लागते. हिशेबाच्या पदांना संगणक लागतो, तेव्हा एमएससीआयटी करून ठेवा. आणि एक डायरी ठेवा: कोणतं प्रशिक्षण, कुठं, किती दिवस, किती गट जोडले, किती कर्जप्रस्ताव मंजूर झाले. प्रमाणपत्र धान्याच्या कोठीमागे उंदरांना देऊ नका, फाईलमध्ये लावा. दोन वर्षांनी जाहिरात निघेल तेव्हा हीच डायरी उघडायची.

कामाच्या जागी कोणी त्रास दिला, लगट केली, तर 2013 चा कायदा तुमच्या बाजूनं आहे. जिथं दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथं अंतर्गत समिती असलीच पाहिजे. त्याहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. मानधनावर काम करणाऱ्या बाईलाही हा कायदा लागू आहे.

नाव यादीत आलं नाही तर चार दिवसांनी तालुका कक्षात जाऊन शांतपणे विचारा, "मी कशात कमी पडले?" लेखीत की तोंडीत, एवढं कळलं तरी पुरे. पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर वीस मिनिटं काढा, दोघी-तिघींना टेबलापलीकडे बसवा आणि एकीला समोर उभी करून वरचे प्रश्न विचारा. पहिल्या वेळी सगळ्या हसतील. हसू द्या.