बिअरच्या लेबलवरचे आकडे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पुण्या-मुंबईतल्या मायक्रोब्रुअरीत फळ्यावर बिअरच्या नावापुढे एबीव्ही, आयबीयू, एसआरएम अशी अक्षरं आणि त्यांपुढे आकडे असतात. टेबलावर त्यांचा सरसकट एकच अर्थ लागतो : आकडा मोठा, म्हणजे चढणार जास्त. प्रत्यक्षात यातला प्रत्येक आकडा वेगळीच गोष्ट मोजतो. हा धंदा पहिल्यापासून मोजमापाचा आहे. शाळेत शिकलेली पीएच मोजपट्टीसुद्धा सोरेन्सन यांनी १९०९ साली मांडली ती कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, म्हणजे बिअरवाल्यांच्याच दारात.

गैरसमज : लेबलवर १२ अंश म्हणजे १२ टक्के अल्कोहोल.

वस्तुस्थिती : चेक प्रजासत्ताकात बिअर १० अंशांची की १२ अंशांची, असंच विचारतात. हे अंश प्लेटो मापाचे. जवाला मोड आणून, वाळवून माल्ट करतात. तो गरम पाण्यात भिजवला की पिठूळ भागाची साखर होते. गाळून निघालेल्या या गोड द्रावाला वर्ट म्हणतात. १२ अंश म्हणजे १०० ग्रॅम वर्टमध्ये १२ ग्रॅम विरघळलेला अर्क, आणि तोही आंबवण्याआधी. यीस्ट त्यातली सगळी साखर खात नाही, आणि जी खातं तिचाही निम्म्याच्या आसपास भाग कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. म्हणून १२ अंशांच्या पिल्सनर उर्केलमध्ये अल्कोहोल भरतं ४.४ टक्के.

हीच गोष्ट घनतेतही सांगतात. दूध तपासायच्या लॅक्टोमीटरसारखा हायड्रोमीटर वर्टमध्ये सोडायचा. सुरुवातीला १.०४८ आणि शेवटी १.०१० आलं, तर फरक ०.०३८. त्याला १३१.२५ ने गुणलं की साधारण ५ टक्के अल्कोहोल. म्हणजे उत्तर सुरुवातीच्या आकड्यात नसतं, दोन आकड्यांमधल्या फरकात असतं.

गैरसमज : बाटली पाण्यात उलटी धरली की ग्लिसरीन निघून जातं.

वस्तुस्थिती : हा प्रयोग अनेकांनी मोठ्या अभिमानाने करून दाखवलेला असतो. ग्लासभर पाण्यात बाटलीचं तोंड बुडवायचं. तोंडातून तेलकट दिसणाऱ्या रेघा खाली उतरतात, आणि ‘बघ, ग्लिसरीन!’ असा पुरावा सादर होतो. त्या रेघा बिअरच्याच असतात. आंबून झालेल्या नेहमीच्या बिअरची घनता १.००८ ते १.०१२ च्या घरात, म्हणजे पाण्यापेक्षा किंचित जास्त. जड द्राव वर आणि हलकं पाणी खाली असलं की बिअर खाली उतरते, पाणी बाटलीत चढतं. दोन्हींत प्रकाश वेगवेगळा वाकतो, म्हणून रेघा दिसतात.

पडताळा घ्यायला बिअरही लागत नाही. लिटरभर पाण्यात पाच-सहा चमचे साखर आणि थोडा खाण्याचा रंग घालून ते बाटलीत काठोकाठ भरा आणि तसंच उलटं धरा. तशाच रेघा निघतील. बिअरमध्ये ग्लिसरीन असतं हे खरं, पण ते यीस्टनेच आंबवताना तयार केलेलं, लिटरला साधारण एक-दोन ग्रॅम. पाण्यात ते पूर्ण मिसळतं, त्यामुळे बाटली उलटी करून वेगळं निघूच शकत नाही. हाती येते फक्त पाणचट बिअर.

गैरसमज : काळी बिअर कडक, सोनेरी हलकी.

वस्तुस्थिती : एसआरएम हे निव्वळ रंगाचं माप. ४३० नॅनोमीटरचा निळा प्रकाश बिअर किती शोषते, यावरून ते काढतात. फिकट पिल्सनर ३-४ वर, स्टाउट ३० च्या पुढे. काळा रंग येतो थोड्याशा करपूस भाजलेल्या जवामुळे किंवा माल्टमुळे. त्याचा अल्कोहोलशी संबंध नाही. काळी गिनेस ड्राफ्ट ४.२ टक्क्यांच्या आसपास, आणि बेल्जियमची सोनेरी दुव्हेल ८.५ टक्के.

गैरसमज : आयबीयू जितका जास्त, तितकी बिअर कडू लागणार.

वस्तुस्थिती : हॉप्सच्या फुलांतली अल्फा आम्लं वर्टसोबत उकळली की त्यांचं रूप बदलतं आणि कडूपणा उतरतो. एक आयबीयू म्हणजे लिटरला साधारण एक मिलिग्रॅम असं बदललेलं आम्ल. जीभ मात्र गोडवाही सोबत मोजते. त्यामुळे ६० आयबीयूची दाट, गोडसर स्टाउट ४० च्या कोरड्या पेल एलपेक्षा मवाळ लागू शकते. थंड झाल्यावर टाकलेले हॉप्स मुख्यतः वास देतात.

गैरसमज : लागर म्हणजे माइल्ड, एल म्हणजे स्ट्राँग.

वस्तुस्थिती : फरक यीस्टचा आणि तापमानाचा. लागरचं यीस्ट ८ ते १३ अंश सेल्सिअसच्या थंडाव्यात सावकाश काम करतं, एलचं साधारण १५ ते २४ अंशांत. लागरचं यीस्ट संकरित आहे. त्याचा थंडी सोसणारा पूर्वज २०११ साली पॅटागोनियाच्या जंगलात सापडल्याचं जाहीर झालं. बव्हेरियाची डोपेलबॉक लागरच, पण बहुधा गडद आणि ७ टक्क्यांच्या आसपास.

गैरसमज : पाच टक्के म्हणजे काहीच नाही.

वस्तुस्थिती : एबीव्ही म्हणजे आकारमानाने किती टक्के अल्कोहोल, आणि टक्केवारीला माप जोडल्याशिवाय अर्थ नाही. माइल्ड बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली ५ टक्क्यांची असेल, तर त्यात ३२.५ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ६० मिलिलिटरच्या पेगमध्ये २५.७. म्हणजे ‘नुसती बिअर’ घेणाऱ्याने लार्ज पेगवाल्याला मागे टाकलेलं असतं. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बाटलीत ५२ मिलिलिटर. हे झाले चार स्मॉल पेग.

रंग, कडूपणा, अंश हे आकडे चव निवडायला उपयोगी. शरीर हिशेब ठेवतं तो फक्त एबीव्ही गुणिले मिलिलिटर यांचा. गाडी चालवताना कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. वरच्या माइल्ड बाटलीत जवळपास २६ ग्रॅम आहे. ती भराभर संपवली, तर सत्तर किलोचा माणूसही ही मर्यादा ओलांडू शकतो.