पाणी एक, पिके दोन : परसातील मासे आणि भाजीपाला

माळव्याच्या पठारावरील धार आणि देवास ही नावे मराठी वाचकांस पवार घराण्याच्या संस्थानांमुळे परिचित आहेत. पाण्याच्या इतिहासातही या दोन्ही ठिकाणांपासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. धार जिल्ह्यातील मांडू येथे प्रसिद्ध जहाज महाल मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्या मध्ये उभा आहे. त्या उंच पठारावर तलाव, कुंडे आणि बावड्या यांत साठविलेल्या पावसाच्या पाण्यावर एका राजधानीचा निर्वाह झाला.

देवासचा अनुभव याच्या उलट आहे. तेथे कूपनलिका शेकडो फूट खोल गेल्या, जुन्या तलावांकडे दुर्लक्ष झाले आणि 1990 साली देवास शहरास इंदूरहून रेल्वेने पाणी आणावे लागले. असेच दृश्य महाराष्ट्राने 2016 साली पाहिले. त्या वेळी मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी पोहोचविण्यात आले. मात्र देवासने धडाही घेतला. 2006 साली तेथील जिल्हाधिकारी श्री. उमाकांत उमराव यांच्या पुढाकाराने भगीरथ कृषक अभियान सुरू झाले. शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा दहावा ते विसावा हिस्सा तळ्यासाठी राखावा, हा त्याचा गाभा होता. या तळ्यांस ‘रेवासागर’ असे नाव मिळाले आणि जिल्ह्यात अशी हजारो तळी झाली.

पाणी साठविणे ही पहिली पायरी होय. साठविलेल्या पाण्याचा एकाहून अधिक वेळा उपयोग करणे ही दुसरी. ज्यांच्याजवळ शेत नाही, केवळ घरामागील परसू आहे, त्यांनाही ही दुसरी पायरी चढता येते. एकाच पाण्यात मासे वाढवावेत व त्याच पाण्यावर भाजी पिकवावी, या पद्धतीस ॲक्वापोनिक्स म्हणतात. तिची माहिती येथे देत आहोत.

पद्धतीचे तत्त्व

मासे खातात त्या अन्नातील बराच अंश अमोनियाच्या रूपाने पाण्यात उतरतो. तो साचत गेला तर माशांस विषासमान ठरतो. परंतु निसर्गात असे सूक्ष्म जिवाणू आहेत की जे अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही माशांस घातक आहे. नायट्रेट मात्र माशांस फारसे बाधत नाही आणि वनस्पतींचे ते उत्तम खाद्य आहे. भाजीची मुळे ते शोषून घेतात व स्वच्छ झालेले पाणी माशांकडे परत जाते. थोडक्यात, मासे, जिवाणू आणि भाजी असे हे त्रिकूट आहे. यांतील जिवाणू डोळ्यांस दिसत नाहीत, म्हणून नवशिक्याकडून त्यांचीच उपेक्षा होते आणि बहुतेक अपयशाचे मूळ तेथेच असते.

लागणारे साहित्य

आरंभी 500 लिटरची एक टाकी पुरेशी आहे. तिच्याजवळ दीड मीटर लांब, एक मीटर रुंद व 30 सेंटिमीटर खोल असा वाफा टाकीपेक्षा उंचावर बसवावा, म्हणजे पाणी आपोआप टाकीत परत येईल. वाफ्यात भरावयाच्या खडीचे वजनच सुमारे 700 किलो होते व पाण्याचा भार वेगळा. यास्तव खाली विटांचा पक्का ओटा हवा. जाणकार अभियंत्याच्या सल्ल्याशिवाय हा संच घराच्या गच्चीवर मांडू नये.

खडी 12 ते 20 मिलिमीटर आकाराची, अनेक वेळा धुतलेली असावी. माळव्यात व महाराष्ट्रात मिळणाऱ्या काळ्या दगडाची खडी या कामी चांगली. चुनखडीचे खडे मात्र पाणी क्षारयुक्त करतात. खड्यांवर थोडे व्हिनेगर टाकून पाहावे. फेस आल्यास ते वापरू नयेत.

ताशी सुमारे 1000 लिटर पाणी चढविणारा लहान पंप टाकीत ठेवावा. वाफ्याच्या तळाशी एक उभी नळी बसवावी. तिचे तोंड खडीच्या पृष्ठभागाच्या 5 सेंटिमीटर खाली राहावे व बुडाशी एक-दोन बारीक छिद्रे असावीत. नळीभोवती जाळी लावल्यास खडी आत जात नाही. पंप अर्धा तास चालला की वाफा भरतो व जादा पाणी नळीच्या तोंडातून टाकीत पडते. पुढील अर्धा तास पंप बंद राहिला की बुडाच्या छिद्रांतून वाफा रिकामा होतो. अशा रीतीने मुळांस पाणी व हवा आळीपाळीने मिळतात. टाकीत हवा सोडणारे छोटे यंत्र मात्र अहोरात्र चालू ठेवावे. तांब्याच्या नळ्या वापरू नयेत. तांबे माशांस अपायकारक आहे.

पहिला महिना माशांविना

संच उभा राहताच मासे सोडण्याचा मोह होतो, तो आवरावा. प्रथम टाकीत रोज चिमूटभर मत्स्यखाद्य टाकून ते कुजू द्यावे व पाणी खेळते ठेवावे. जिवाणूंची पुरेशी वाढ होण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत अधिक. शोभेच्या माशांच्या दुकानात पाणी तपासण्याचा संच मिळतो. आधी अमोनिया वाढतो, मग नायट्राइट. दोन्ही जवळजवळ शून्यावर येऊन नायट्रेट दिसू लागले, म्हणजे टाकी तयार झाली असे समजावे. कोणाच्या जुन्या, निरोगी टाकीतील ओंजळभर खडी आणून टाकल्यास हे काम लवकर होते.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. ते पाणी उघड्या भांड्यात एक-दोन दिवस ठेवून मग वापरावे. कूपनलिकेचे पाणी पुष्कळदा जड असते, त्यात छपरावरून साठविलेले पावसाचे पाणी मिसळावे.

मासे व भाज्या

500 लिटरच्या टाकीत दहा-बारा मासेच ठेवावेत. पूर्ण वाढीच्या वेळी त्यांचे एकूण वजन 5 किलोच्या आसपास राहावे. सायप्रिनस हा मासा काटक असून माळव्यातील हिवाळ्यातही तग धरतो. थाई मागूर पाळण्यास बंदी आहे व तिलापियासाठी शासनाची परवानगी लागते. म्हणून बीज घेण्यापूर्वी मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात चौकशी करावी. शाकाहारी कुटुंबांनी व शाळांनी गोल्डफिश पाळावेत. भाजी तितकीच चांगली येते.

खाद्य पाच मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. उरलेले खाद्य कुजून पाणी बिघडवते. पालक, माठ व पुदिना यांपासून आरंभ करावा. वांगी, टोमॅटो, मिरची यांना अधिक पोषण लागते. ती संच स्थिरावल्यावर घ्यावीत. कोवळी पाने पिवळी पडू लागल्यास बहुधा लोहाची उणीव असते. त्यावर चिलेटेड लोह अल्प प्रमाणात द्यावे. कीटकनाशक कधीही फवारू नये, कारण पानावरचे औषध अखेर टाकीतच उतरते. कीड हाताने वेचावी.

धोके व दक्षता

सर्वांत मोठा धोका वीज खंडित होण्याचा आहे. मासे पृष्ठभागी येऊन तोंडे उघडू लागले, तर पाण्यातील प्राणवायू संपत आला असे जाणावे. बॅटरीवर चालणारे हवेचे यंत्र जवळ ठेवावे. तेही नसेल तर टाकीतीलच पाणी तांब्याने उंचावरून पुनःपुन्हा ओतत राहावे व त्या दिवशी खाद्य देऊ नये. उन्हाळ्यात टाकीवर सावलीची जाळी बांधावी आणि बाष्पीभवनाने घटलेले पाणी रोज भरून काढावे. घरात लहान मुले असल्यास टाकीवर मजबूत झाकण अत्यावश्यक आहे.

या संचातून मोठ्या उत्पन्नाची अपेक्षा धरू नये. घरची पालेभाजी व अधूनमधून मासे एवढे मिळाले, तरी उद्देश सफल झाला. ज्यांच्याकडे शेततळे आहे, त्यांना तर यंत्रसामग्रीचीही गरज नाही. तळ्यात मासे सोडून तेच सकस पाणी भाजीच्या वाफ्यांस दिले, की हेच तत्त्व साधते. शिक्षक बंधुभगिनींनी शाळेच्या आवारात असा एक छोटा संच उभारावा. नत्रचक्र फळ्यावर शिकविण्यापेक्षा ते मुलांस पालकाच्या पानात दाखविता येईल.

देवासला एके काळी रेल्वेने पाणी आणावे लागले. ज्या गावात पाण्याच्या प्रत्येक थेंबाकडून दोन कामे करून घेतली जातील, त्या गावावर अशी वेळ येण्याचा संभव कमी होईल. परसातील लहानशी टाकी ही त्या सवयीची सुरुवात ठरो.