मोजक्या प्रेक्षकांची जाहिरात

रायपूर-बिलासपूर मार्गावरील भनपुरी औद्योगिक परिसरातील एखाद्या लघुउद्योगाचा नफा-तोटा तक्ता पाहिला, तर ‘जाहिरात’ या शीर्षाखाली बहुधा दिनदर्शिका आणि दिवाळीची मिठाई एवढाच खर्च सापडतो. यात उद्योजकाचा कंजूषपणा नसतो. ज्याचा माल घरोघरी विकला जात नाही, त्याने लाखो लोकांपुढे जाहिरात करून काय साधावे, हा त्याचा प्रश्न रास्त आहे.

समजा, हा उद्योजक राईस मिलला लागणारे एलिव्हेटर बनवतो. त्याचे ग्राहक हावडा-मुंबई लोहमार्गावरील गोंदियात, शेजारच्या भंडारा जिल्ह्यात, तुमसर परिसरात आहेत. मिलमालक आणि यंत्रांची देखभाल करणारे मिस्त्री, एवढाच हा वर्ग. वृत्तपत्रातील जाहिरात त्यांच्याबरोबर हजारो इतरांपर्यंतही जाते आणि पैसे सर्वांचेच मोजावे लागतात.

इंटरनेटवरील चित्रफितीने हा हिशेब बदलला आहे. 2005 साली सुरू झालेली यूट्यूब ही सेवा 2006 मध्ये गूगलने विकत घेतली आणि 2010 च्या अखेरीस तेथे पाच सेकंदांनंतर वगळता येणारी जाहिरात आली. या प्रकारात प्रत्येक पाहणीमागे दर ठरवला असेल, तर प्रेक्षकाने तीस सेकंद (जाहिरात त्याहून लहान असल्यास ती पूर्ण) पाहिली अथवा तिच्यावर क्लिक केले, तरच जाहिरातदारास आकार पडतो. म्हणजे मध्येच निघून गेलेला प्रेक्षक फुकट जातो! म्हणून पहिल्या पाच सेकंदांत सर्वांना खिळवून ठेवण्याचा खटाटोप करू नये. “आपल्या राईस मिलचा एलिव्हेटर वारंवार बंद पडतो का?” असे थेट विचारावे. ज्याची मिल नाही तो पुढे जाईल, आणि त्याने जाणेच आपल्या हिताचे आहे.

जाहिरात कोणत्या शहराच्या परिसरात, कोणत्या भाषेच्या आणि काय शोधणाऱ्या प्रेक्षकास दाखवावी, हेही ठरवता येते. वेळेचे भान मात्र आपणच ठेवावयाचे. सरकारी धानखरेदी साधारणतः नोव्हेंबरपासून जोर धरते. त्यानंतर चालू मिल थांबवून यंत्र बदलण्यास कोणी धजावत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर हाच दुरुस्तीचा, आणि म्हणूनच जाहिरातीचा काळ.

भाषेचा धडा घेण्यास दूर जावयास नको. रायपूर जिल्ह्यातीलच तुलसी हे गाव यूट्यूबकरांचे गाव म्हणून ख्यातनाम आहे. जय वर्मा आणि ज्ञानेंद्र शुक्ला या मित्रांनी तेथे ‘बीइंग छत्तिसगढिया’ ही वाहिनी सुरू केली, पुढे गावातील अनेक जण अभिनय-चित्रीकरणात शिरले आणि 2023 मध्ये शासनाने गावात स्टुडिओही उभारला. ही माणसे आपल्या छत्तिसगढी बोलीत बोलतात. जगातील सर्व प्रेक्षकांना कळावे असा त्यांचा हट्ट नाही. गोंदिया-भंडाऱ्याच्या मिस्त्रीशी बोलतानाही गुळगुळीत, छापील मराठीपेक्षा झाडीबोलीची लकब असलेला कारागीर अधिक विश्वासाचा वाटेल. चित्रीकरणास साधा मोबाईल पुरतो. पट्टा कसा ताणावा, बादली कोठे घासते, हे चालू यंत्रावर दाखवले की पुरे. (मागे सिनेगीत वाजवण्याचा मोह टाळावा, हक्काचा प्रश्न उद्भवतो.)

आता पैशाची बाजू. आरंभी दैनंदिन खर्चाची मर्यादा लहान ठेवावी आणि पंधरवड्याने आढावा घ्यावा. या सेवेच्या बिलावर 18 टक्के वस्तू व सेवा कर असतो. खात्यात आपला नोंदणी क्रमांक भरला असेल, तर पात्रतेनुसार त्याचे क्रेडिट मिळू शकते. ‘फुकट जाहिरात’ देऊ करून ओटीपी मागणाऱ्यांपासून मात्र दूर राहावे.

कितीजणांनी चित्रफीत पाहिली, हा आकडा सुखावणारा असला तरी तो विक्रीचा नव्हे. दूरध्वनीजवळ एक वही ठेवून प्रत्येक नव्या ग्राहकास “आमचे नाव कोठे समजले?” एवढे विचारावे आणि उत्तर तारखेसह लिहावे. हंगाम सरल्यावर चौकश्या किती व प्रत्यक्ष मागण्या किती, हे त्यावरून काढता येते. खेळत्या भांडवलाची मर्यादा वाढवून मागताना ताळेबंदासोबत ही वहीदेखील शाखेत अवश्य आणावी.