गर्भातील बाळाची ॲड्रिनल ग्रंथी : सोनोग्राफीतील मोजमापाचा अर्थ

वालचंदनगरहून बारामतीला किंवा पुण्याला जाऊन सोनोग्राफी केली आणि रिपोर्टमध्ये ‘बाळाची ॲड्रिनल ग्रंथी मोठी’ असा शेरा दिसला, तर घरच्यांच्या पोटात गोळा येतो. पण हा शेरा म्हणजे निदान नव्हे.

ही ग्रंथी कशी असते?
प्रत्येक मूत्रपिंडावर टोपीसारखी एक ॲड्रिनल ग्रंथी बसलेली असते. गर्भात ती शरीराच्या मानाने बरीच मोठी असते. तिचा मोठा भाग गर्भावस्थेपुरताच काम करतो आणि जन्मानंतर आकसतो. म्हणून ‘मोठी’ की नाही, हे गरोदरपणाच्या आठवड्यांनुसारच ठरते.

ती कशी मोजतात?
सोनोग्राफीत ग्रंथीची कड काळसर आणि मध्यभाग पांढुरका दिसतो. तिची लांबी, रुंदी व जाडी मोजतात. बाळ कसे वळले आहे यावर माप थोडे बदलू शकते. १८ ते २० आठवड्यांच्या नेहमीच्या तपासणीत हे माप सहसा घेतले जात नाही. या मापावरून मुदतपूर्व प्रसूतीचा अंदाज येतो का, यावर संशोधन झाले आहे. पण रोजच्या उपचारात ते वापरले जात नाही.

मग काळजी कधी घ्यावी?
ग्रंथी मोठी असण्याचे एक कारण म्हणजे जन्मजात ॲड्रिनल हायपरप्लेझिया हा आनुवंशिक आजार. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला तो होण्याची शक्यता २५ टक्के असते. नात्यात लग्न झाले असेल किंवा आधीचे बाळ पहिल्या काही आठवड्यांत उलट्या होऊन दगावले असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. गाठ किंवा रक्तस्राव ही इतर कारणेही असू शकतात.

पुढे काय करावे?
• तज्ज्ञांकडून पुन्हा सोनोग्राफी करून घ्या.
• जन्मानंतर टाचेतून रक्त घेऊन १७-ओएचपी तपासणी करण्याबद्दल विचारा. सोनोग्राफी नॉर्मल असली, तरी हा आजार नाही असे ठरत नाही.
• बाळ दूध ओढत नसेल, सुस्त पडले असेल, वारंवार उलट्या करत असेल किंवा वजन घटत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

या आजारात औषध रोज आणि आयुष्यभर घ्यावे लागते. पण निदान वेळेत झाले, तर मूल इतर मुलांसारखेच वाढते.