अजिंठा श्रावणातच पाहावा

बदनापूरहून एका दिवसात अजिंठा पाहून यायचं असेल तर श्रावण-भाद्रपदात जावं, असं माझं ठाम मत आहे. बहुतेक लोक दिवाळीच्या सुटीत नाहीतर डिसेंबरात जातात. ऊन कोवळं असतं, शाळांच्या सहली निघतात, सगळं सोयीचं पडतं. पण तोवर वाघूर नदीचा जोर ओसरलेला असतो. जिनं अजिंठ्याची दरी कोरली तीच नदी तिथं न पाहता आपण परततो. दरी का आहे, लेणी तिथंच का आहेत आणि भिक्षू तिथं कशासाठी राहिले, या तिन्ही प्रश्नांचं उत्तर पाऊस हेच आहे. ते उत्तर वाहताना पाहायचं असेल तर छत्री घेऊनच निघायला हवं.

खरं तर सुरुवात बदनापूरच्या शेतापासूनच होते. इथली काळी कसदार जमीन चैत्र-वैशाखात अशी भेगाळते की भेगेत अख्खा हात जावा. मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की त्याच भेगा मिटून जातात. या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. फुगलेली माती पाणी धरून ठेवते, म्हणून पाऊस थांबल्यावरही तुरीची खोल गेलेली मुळं खालची ओल शोधत तग धरतात. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचं नाव तुरीसाठी घेतलं जातं ते याच जमिनीच्या भरवशावर. बीडीएन ७११ सारखा लवकर येणारा वाण जमिनीतली ओल संपण्याआधी हाती लागतो. आता गंमत अशी की ही माती आणि अजिंठ्याची भिंत मुळात एकच आहे. दोन्ही बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा दगड. एकीकडे हवापाण्यानं त्याचा भुगा होऊन शेत झालं, दुसरीकडे पाण्यानं तो कापला आणि दरी झाली.

हा दगड आला कुठून? सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथली जमीन फाटली आणि लाव्हा वाहू लागला. शंकूच्या आकाराच्या एखाद्या ज्वालामुखीतून नव्हे, तर जमिनीला पडलेल्या लांबच लांब चिरांतून. एक लोट आला, पसरला, थिजला. मध्ये बराच काळ गेला, त्याच्या माथ्यावर तांबडी माती तयार झाली, मग त्यावर दुसरा लोट आला. भाकरीवर भाकरी रचावी तसे हे थर साचत गेले आणि आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर मुलूख त्यांच्याखाली आहे. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथं काळ्या थरांमधून जाणारा विटकरी रंगाचा पट्टा दिसतो. तो दोन लाव्हांमधला विसावा आहे. जगात डायनासोर संपत होते त्या सुमाराचा.

सकाळी लवकर निघालं की राजूरच्या गणपतीवरून भोकरदन, तिथून सिल्लोड आणि मग अजिंठा, असा अडीच-तीन तासांचा रस्ता आहे. दोन्ही बाजूंना मका, कपाशी, सोयाबीन आणि मधूनच अद्रकाचे वाफे. भोकरदनला चहासाठी थांबलात तर केळना नदीकडे एकदा नजर टाका. हे गाव म्हणजे प्राचीन भोगवर्धन. पैठणहून उज्जैनकडे जाणारे व्यापारी इकडून जात, आणि सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांच्या नावांत भोगवर्धनचे रहिवासी आहेत. १९७३ च्या उत्खननात इथं हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक तुटका भाग मिळाला. अगदी तशाच घडणीची मूर्ती इटलीतल्या पाँपेईत १९३८ मध्ये सापडली होती, इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या शहरात. केळनेच्या काठावरची कला समुद्र ओलांडून रोमन माणसाच्या घरात पोचली होती! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हापासून भोकरदनहून जाताना गाडी आपोआप हळू होते.

सिल्लोडच्या पुढे जमीन सपाटच वाटते. इथं नीट लक्ष द्यावं, कारण या मक्याच्या शेतांमधून एक रेघ जाते. ती कुठल्याही फलकावर नाही. तिच्या दक्षिणेला पडलेला थेंब ओढ्यातून पूर्णेला मिळतो, पूर्णा गोदावरीला, आणि तो थेंब आंध्रात राजमहेंद्रीवरून बंगालच्या उपसागरात जातो. बदनापूरच्या दुधनेचं पाणीही शेवटी पूर्णेतूनच त्या वाटेनं जातं. रेघेच्या उत्तरेला पडलेला थेंब मात्र वाघूरमध्ये उतरतो, खानदेशात तापीला मिळतो आणि सुरतेजवळ अरबी समुद्रात शिरतो. एकाच सरीतले दोन थेंब, एका बांधाच्या दोन बाजूंना पडले म्हणून देशाच्या दोन टोकांना गेले. भूगोलाच्या पुस्तकात याला जलविभाजक म्हणतात. पुस्तकात तो डोंगराच्या धारेवर काढलेला असतो. इथं तो शेतातून जातो, आणि पायाखाली असूनही कळत नाही.

त्याहून मोठं नवल पुढंच आहे. जून-जुलैत अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीवरच मोकळे होतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो, आणि आपल्या वाट्याला सहाशे-सातशे मिलिमीटर. घाट उतरून आलेली हवा पूर्वेकडे येताना कोरडी पडत जाते. मराठवाड्याला खरा आधार देतात ते बहुतेकदा बंगालच्या उपसागरावर तयार होऊन पश्चिमेकडे सरकणारे कमी दाबाचे पट्टे. ऑगस्ट-सप्टेंबरात, मघा-पूर्वाच्या सुमाराला, ते इथवर पोचले की विहिरींना पाणी येतं. म्हणजे पूर्वेच्या समुद्रावरून निघालेली वाफ इथं येऊन बरसते आणि ते पाणी वाघूरवाटे पश्चिमेच्या समुद्रात जातं. आख्खा देश आडवा ओलांडायला त्या पाण्याला वाटेत फक्त अजिंठ्याच्या डोंगराचा टेकू पुरतो.

अजिंठा गाव पठारावर आहे, फर्दापूर घाटाच्या पायथ्याशी, आणि लेणी त्या दोहोंच्या मधल्या दरीत. आधी वरच्या व्ह्यू पॉइंटवर जावं. पावसाळ्यात ढग सरकला की खाली घोड्याच्या नालेसारखी वळलेली दरी उघडी होते. दरीच्या टोकाला पठारावरून वाघूर सात टप्प्यांत उड्या घेत उतरते. तो सप्तकुंडाचा धबधबा. उड्या टप्प्याटप्प्यानं का, एकदम का नाही? कारण तेच लाव्ह्याचे थर. घट्ट दगडाचा थर टिकतो, त्याखालचा पोकळ्या असलेला किंवा तांबड्या मातीचा मऊ थर लवकर झिजतो, वरचा दगड अधांतरी राहतो आणि एक दिवस कोसळतो. पायरी तशीच राहते, पण थोडी मागे सरकते. प्रत्येक पायरीच्या तळाशी पाण्याच्या भोवऱ्यात सापडलेले गोटे वर्षानुवर्षं गरगरत खडक खरवडतात आणि रांजणखळगे खोल होत जातात. कुंड झालं ते असं. दर पावसाळ्यात हे काम पुढं चालू होतं, आणि आपण कडेला उभे असतो तेव्हाही चालूच असतं. उत्तरेकडचा उतार तीव्र असल्यानं अशा नद्या पठार मागे मागे खात जातात. ती मक्याच्या शेतातली रेघसुद्धा त्यामुळं कायमची नाही.

नालेचा आकारही पाण्याचाच. वळणावर बाहेरच्या काठाला पाण्याचा वेग जास्त असतो, म्हणून तो काठ जास्त कापला जातो आणि उभा कडा तयार होतो. अजिंठ्यात हा कडा सुमारे २५० फूट उंच आहे. त्याच्या पोटात तीस लेणी आहेत. कारागिरांनी कडा निवडला तेव्हा निम्मं काम नदीनं आधीच करून ठेवलं होतं: दगड आतून कसा आहे ते तिनं कापून दाखवलं होतं. तरी अंदाज कधी चुकायचा. ४ क्रमांकाचं लेणं इथला सगळ्यात मोठा विहार. तिथं दगडातल्या दोषामुळं छताचा भाग कोसळला आणि कारागिरांना छत आणखी वर न्यावं लागलं. त्या छताकडं टॉर्च न लावता, डोळे सरावू देऊन पाहावं. थिजलेल्या लाव्ह्याच्या प्रवाहाच्या खुणा तिथं अजून आहेत. माणसाच्या छिन्नीनं कोट्यवधी वर्षं जुना प्रवाह उघडा केला. बुद्धमूर्तीइतकाच वेळ मी त्या छताला देतो.

रंगांची गोष्टही याच दगडाशी येऊन पोचते. लाव्हा थिजताना आत अडकलेल्या वायूचे बुडबुडे पोकळ्या बनून राहतात, आणि पुढं झिरपणाऱ्या पाण्यातून त्यांत खनिजं साचतात. फर्दापूरच्या आसपास विक्रेते ज्या चमकदार गारगोट्या दाखवतात त्या अशाच पोकळ्यांतल्या. काही पोकळ्यांना आतून हिरव्या मातकट खनिजाचं अस्तर असतं. चित्रांतला हिरवा रंग अशाच हिरव्या मातीचा आहे. तांबडा आणि पिवळा गेरूच्या जातीचा, काळा काजळीचा. निळा तेवढा लांबचा: तो लाजवर्द दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून आलेला.

भिक्षू या दरीत का राहिले? पावसासाठी. एरवी भिक्षूनं फिरत राहायचं, एका जागी ठाण मांडायचं नाही. पण पावसाळ्यात फिरणारे भिक्षू हिरवे कोंब आणि बारीकसारीक जीव तुडवतात, अशी लोकांची तक्रार आली आणि बुद्धांनी पावसाळ्याचे तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा नियम घातला, असं विनयपिटक सांगतं. हाच वर्षावास. आपल्याकडच्या बुद्धविहारांत आजही आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तो पाळतात, आणि ठिकठिकाणी संध्याकाळी बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन चालतं. व्यापारी वाटेजवळची, तरी गलबल्यापासून आत असलेली, छत न गळणारी, दाराशी नदी असलेली जागा वर्षावासाला लागते. अजिंठ्यात इ.स.पूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकात सातवाहनांच्या काळी पहिली लेणी कोरली गेली. मग पाचव्या शतकात वाकाटक राजा हरिषेणाच्या वेळी कामाला पुन्हा जोर आला. १६ क्रमांकाचं लेणं त्याचा मंत्री वराहदेव यानं दिलं, असा लेख तिथंच आहे. म्हणजे आपण ज्याला पर्यटनाचा आडमोसम म्हणतो तोच या लेण्यांचा खरा मोसम आहे. बाहेर सर कोसळत असताना १७ क्रमांकाच्या ओसरीत उभं राहिलं की ते विहार कशासाठी आहेत हे सांगावं लागत नाही.

जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीला आला आणि १० क्रमांकाच्या लेण्याची कमान त्याच्या नजरेला पडली, ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. तिथल्या एका खांबावर त्यानं कोरलेली तारीख फारसं कुणी मनावर घेत नाही: २८ एप्रिल १८१९. ऐन उन्हाळा, पानगळ झालेली, कडा उघडा. श्रावणात आला असता तर वेली आणि झाडांच्या दाटीत ती कमान त्याला दिसली असती का, याची मला शंका वाटते.

पावसाची दुसरी बाजूही सांगायला हवी. इथली चित्रं ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत. मातीच्या गिलाव्यात वनस्पतींचे तंतू आणि भुसा मिसळला, त्यावर पांढरा पातळ थर दिला आणि तो वाळल्यावर रंग भरला. त्यामुळं पाणी झिरपलं की गिलावा सुटतो. कड्याच्या माथ्यावर पडणारं पाणी लेण्यांपासून दूर वळवणं हे इथल्या जतनाचं मोठं काम आहे. बदनापूर आणि अजिंठा दोन्ही निजामाच्या राज्यात असताना, १९२० च्या सुमारास, इटलीहून तज्ज्ञ बोलावून सुटणारी चित्रं पक्की केली गेली. त्यांनी वर दिलेला लाखेचा थर पुढं पिवळा पडला आणि तो काढायला नंतरच्या लोकांना फार कष्ट पडले. ज्या पाण्यानं दरी दिली तेच पाणी चित्रं मागतं आहे, आणि मधे माणसं उभी आहेत. मला या माणसांविषयी फार आदर वाटतो. ओले कपडे घेऊन आपण चित्रांच्या लेण्यांत शिरतो तेव्हा आतली दमट हवा आणखी वाढते. म्हणून रेनकोट बाहेर झटकावा, भिंतीला टेकू नये, आणि फ्लॅश तर नकोच.

सोमवारी लेणी बंद असतात. गाडी फर्दापूर फाट्यावर लावून पुढं बसनं जावं लागतं. सप्तकुंडाजवळ खडकावर शेवाळ असतं आणि पठारावर पाऊस झाला तर खाली कोरडं असतानाही पाणी अचानक चढतं, तेव्हा कुंडात उतरू नये. परतायच्या आधी १६ क्रमांकाच्या लेण्याखाली जरूर उतरा. दोन दगडी हत्तींमधून एक जिना वर चढतो. आजचा सिमेंटचा रस्ता अलीकडचा. पूर्वी बहुतेक लेण्यांना नदीकडूनच आपापली वाट होती, आणि वर्षावासाला येणारा भिक्षू वाघूरच्या पाण्यात पाय धुऊनच इथं चढत असणार.